खाल्ल्या घरचे वास मोजणारा

उपकाराची जाण नसलेल्या माणसाला मराठीत 'खाल्ल्या घरचे वासे मोजणारा' म्हणतात. आमचे आप्पा तसे नाहीत. ते वासे मोजत नाहीत, वास मोजतात. शिवाय खाण्याची वाटही बघत नाहीत. आधी मोजतात, मग चहा घेतात.

आप्पा मूळचे चिपळूणचे. जीवन प्राधिकरणातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले, पत्नीच्या माघारी दोन वर्षं एकटे राहिले आणि मग मुलाने त्यांना बेंगळुरूला आणलं. मुलगा आयटीत आहे हे इलेक्ट्रॉनिक सिटीत सांगावं लागत नाही. नसेल तर सांगावं लागतं. फेज वनला, नीलाद्री रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी. ते सहाव्या मजल्यावर, आम्ही चौथ्या. माझी बायको दापोलीची निघाली, एवढ्या भांडवलावर आप्पांनी तिला माहेरवाशीण ठरवलं आणि मला जावईबापू. मी सोलापूरचा. कोकणात जावयाला मान देतात असं ऐकून होतो. आप्पांनी दिला नाही, घातली. आमच्या वॉशिंग मशीनमध्ये.

त्याचं असं झालं. पहिल्यांदा घरी आलेला माणूस आमच्या बाल्कनीत जाऊन कंपन्यांच्या काचा बघतो, "वा, व्ह्यू आहे" म्हणतो. आप्पांनी चपला काढल्या, सोफ्याकडे न बघताच "छान आहे हो घर" म्हणाले आणि सरळ युटिलिटी गाठली. पुण्यात जिला ड्राय बाल्कनी म्हणतात तिचं बेंगळुरूतलं नाव युटिलिटी. तिथे मशीनसमोर ते उकिडवे बसले, दार उघडलं, खांद्यापर्यंत आत गेले आणि लांब श्वास घेतला. आतून पूरक ऐकू आला, मग कुंभक. रेचकाबरोबर निकाल बाहेर आला.

"कुबट."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या मोज्यांकडे बघितलं.

आप्पांच्या मते मराठीने वासांची वर्गवारी करून ठेवलेली आहे आणि मराठी माणसालाच ती वापरायचा कंटाळा. वाईट वासाच्या शेपटीला 'ट' असतो: ओशट, कुबट, कुजकट, खवट, करपट, मातकट. यातले पहिले तीन मशीनचे. ओशट म्हणजे अंगाचं तेल आणि साबण यांचं किटण धरायला लागलंय. कुबट म्हणजे त्या किटणावर ओल बसून राहिली आणि बुरशीने बिऱ्हाड केलं. कुजकट म्हणजे फिल्टरमध्ये काहीतरी अडकून सडतंय. ओशटला सल्ला, कुबटला उपचार, कुजकटला शस्त्रक्रिया. चिपळूणच्या पावसात चार महिने दांडीवर ओले पंचे वाळताना हुंगून हे नाक तयार झालेलं. बेंगळुरूच्या तिप्पट पाऊस तिथे पडतो. बेंगळुरूकर जिला ह्युमिडिटी म्हणून रडतात, ती आप्पांच्या हिशेबी कोरडी हवा.

उपचाराचं सामान ते पिशवीत घेऊनच फिरतात. एक विजेरी, एक निवृत्त टूथब्रश, जुन्या बनियनचे चौकोन आणि एक पसरट परात. त्या दिवशी त्यांनी दाराच्या आतल्या राखाडी रबराची घडी दोन बोटांनी उलटी केली आणि बायकोला जवळ बोलावलं. "हे बघ पोरी. यंत्र बाहेरून किती पांढरं." घडीत काळ्या ठिपक्यांची रांगोळी होती, खाली बोटभर पाणी साचलेलं, आणि त्या पाण्यात आमच्या मुलाचा मोजा. ज्याच्यासाठी आम्ही कामवालीवर संशय घेतला होता, तोच.

"साबण किती घालतेस?"

"हे एवढं झाकण."

"आणि?"

"आणि थोडा वर. ह्यांच्या कॉलरी फार मळतात."

आप्पा मांडी घालून बसले. ते मांडी घालून बसले की समजायचं, आता व्याख्यान. आणि व्याख्यानाची सुरुवात ठरलेली: "शास्त्र म्हणतं."

शास्त्र म्हणतं, वरून कपडे भरायच्या मशीनला जेवढं पाणी लागतं त्याच्या जवळपास निम्म्यात हे समोरून भरायचं मशीन धुणं उरकतं. मग साबणही त्याच मानाने नको का? आपल्याला सवय बादलीभर फेसाची. फेस दिसला नाही की बाईमाणसाला धुतल्यासारखं वाटत नाही. (बायकोने इथे घसा खाकरला. आप्पांनी "आणि पुरुषमाणसाला कळतच नाही" अशी भर घालून घेतली.) जास्तीचा साबण धुऊन जात नाही, कपडे फिरतात त्या पिंपाच्या बाहेर दुसरं पिंप असतं, त्याच्या आतल्या अंगाला जाऊन चिकटतो. दोन पिंपांच्या मधली ती जागा आपल्याला कधीच दिसत नाही. साबण, अंगाचं तेल, कपड्यांचं सूत आणि जंतू यांची तिथे एकत्र कुटुंबपद्धती चालते.

"आणि ते सुवासिक काय घालतेस शेवटी?"

"सॉफ्टनर."

"त्याचंही मेणचट किटणच बसतं. न्हायला नको म्हणून अत्तर लावणाऱ्यातली गत. धुता कितीवर?"

"गार पाण्यात. वीज वाचते."

इथे आप्पांनी डोळे मिटले आणि नाव घेतलं. घरात एखाद्या पूर्वजाचं घ्यावं तसं, सावकाश. "मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस." नावात ऑस्लो असलेला हा जंतू. जपानमधल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिलं की धुऊनही कपड्याला येणारा तो ओला, आंबूस वास याचा उद्योग. माणसाच्या घामातेलावर तो कपड्यात राहतो आणि एक आम्ल सोडतो, त्याचा तो दर्प. वाळवलं तरी पठ्ठ्या तग धरतो, पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. "गार पाण्याने त्याला फक्त आंघोळ घडते," आप्पा म्हणाले. "महिन्यातून एकदा मशीन रिकामं चालवा, साठ अंशांच्या वर. बटण आहे त्याला. टब क्लीन लिहिलंय. कधी दाबलंत?"

बायको म्हणाली, "ते वाटलं, गॅरंटी संपल्यावर दाबायचं असेल."

मग आप्पांनी मशीनच्या पायथ्याशी असलेलं ते छोटं झाकण उघडलं, ज्यामागे काय आहे याचं कुतूहल आम्हाला चार वर्षांत झालं नव्हतं. आतली बारीक नळी काढून आधी परातीत पाणी सोडलं आणि मग फिल्टर फिरवला. उत्खनन झालं. सात रुपये सुटे, केसांच्या दोन पिना, शर्टाचं बटण, एका ऑफिसच्या ओळखपत्राची क्लिप, बायकोचा तुळशीचा मणी आणि ज्याला नाव देता येत नाही असा एक राखाडी गोळा. आप्पांनी सगळं बनियनच्या चौकोनावर कालक्रमाने मांडलं. क्लिप मी आधीच्या आधीच्या नोकरीत हरवली होती.

जाताना त्यांनी मंत्र दिला. धुणं झालं की कपडे लगेच बाहेर, रबराची घडी पुसून कोरडी, साबणाचा खण ओढून ठेवायचा आणि दार चार बोटं उघडं. "कोंडलं की कुबटतं. यंत्र असो नाहीतर माणूस." चार बोटंच का, तर आमच्याकडे लहान मूल आहे. सताड उघडं दार म्हणजे त्याला लपाछपीची जागा. चालू करण्यापूर्वी आत हात फिरवून बघायचा, मूल नाहीतर कुणाचं मांजर, हेही त्याच मंत्रात. या एका कलमाच्या वेळी आप्पा अजिबात विनोद करत नाहीत.

आता हे सगळं खरं होतं, आमचं मशीन पंधरवड्यात ओशटाच्याही खाली आलं, त्यामुळे बायको त्यांची शिष्या झाली. पण आप्पांना एका घराने भागणारं नव्हतं. ज्या वसाहतीत राहायला आले तिचा धंदाच मुळी दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी केओनिक्स या राज्य सरकारच्या महामंडळाने कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या दोन खेड्यांतल्या ३३२ एकरांवर ती वसवायला घेतली. तेव्हापासून इथे बसून लोक न्यूयॉर्कच्या बँकेतली आणि लंडनच्या विमा कंपनीतली गफलत हुडकतात. फक्त स्वतःच्या मशीनचं फिल्टर कुठे असतं हे कुणाला ठाऊक नसतं. आप्पांच्या लेखी हा मोकळा प्रदेश होता. नाक खुपसायला चौदा मजले आणि तीन टॉवर.

भाषेची अडचण त्यांनी मानली नाही. उलट भाषेनेच त्यांना बोलावलं. लिफ्टमध्ये दोन कन्नड बायका बोलत होत्या, त्यातलं "तुंबा वासने" एवढं आप्पांच्या कानावर पडलं. कन्नडमध्ये तुंबा म्हणजे फार आणि वासने म्हणजे वास. आप्पांनी मराठी अर्थ लावला. बिचारीच्या वासना तुंबल्या आहेत, आणि हे ती लिफ्टमध्ये सांगते आहे, म्हणून ते तिसऱ्या मजल्यालाच संकोचाने उतरले. खरा अर्थ मुलाकडून कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन तिच्या दारात हजर. कपड्यांना कन्नडमध्ये 'बट्टे' म्हणतात हेही शिकून आले. "बट्ट्याला बट्टा लागतो म्हणतात तो हाच," असं त्या बाईला मराठीत समजावलं. तिला शब्द कळला नसेल, पण फिल्टरमधून निघालेली कानातली रिंग ओळखू आली. तिथून पुढे आप्पांना वशिल्याची गरज पडली नाही. त्यात कन्नडमध्ये अप्पा म्हणजे वडील. सोसायटी त्यांना नुसती हाक मारते आणि नातं आपोआप जडतं.

त्यांची सर्वांत मोठी केस नवव्या मजल्यावरच्या चार पोरांची. चौघंही टेस्टिंगमध्ये. आप्पांनी विचारलं, फिल्टर शेवटचं कधी साफ केलं? पोरगा म्हणाला, "अंकल, फिल्टर भी होता है?" मग आप्पांनी परात आणायच्या आतच दुसऱ्या पोराने उत्साहाने तो फिरवला. मशीनमध्ये साचलेलं सगळं पाणी हॉलमध्ये आलं, सोफ्याखालच्या चपला तरंगल्या आणि जो वास सुटला त्याला आप्पा आजही 'ट' नाही, 'ट्ट' लावतात. कुजकट्ट. त्या चौघांकडे रामबाण उपायांची एक यादी होती, मोबाइलवर कुणीतरी पाठवलेली: व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र घाला, वर ब्लीच घाला. आप्पांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढला. व्हिनेगर आणि सोडा एकत्र आले की फसफसतात, एकमेकांना मारतात आणि उरतं ते जवळपास मीठपाणी. ते फुकट जातं एवढंच. पण ब्लीचमध्ये आंबट काही पडलं, व्हिनेगर असो की लिंबूसत्त्व, तर क्लोरिन वायू सुटतो. तो वास मोजायला मोजणारा उरत नाही. "एका वेळी एकच औषध. वैद्य बदलायचा तर आधीचा काढा पोटातून जाऊ द्या." बोअरवेलच्या जड पाण्याने मशीनच्या हीटरवर चुनकट थर बसतो, त्याला लिंबूसत्त्व चालतं, तेही रिकाम्या मशीनला, बेतानं. धुण्याचा सोडा मात्र रोज नको. पिंपाला मागून धरणारा तिकांडा बहुतेक ॲल्युमिनियमचा, तो क्षाराने खंगतो. हे सगळं त्यांनी हिंदीत सांगितलं. आप्पांच्या हिंदीत क्रियापदं कोकणातली असतात, पण पोरांनी ऐकलं.

"शास्त्र म्हणतं," आप्पा पुढे म्हणाले, "अमेरिकेत या वासापायी लोक कोर्टात गेले." आणि ते खरंच आहे. समोरून भरायच्या मशीनला कुबट वास येतो म्हणून तिकडे ग्राहकांनी कंपन्यांवर सामूहिक दावे लावले. त्यातला एक २०१४ साली ओहायो राज्यात ज्यूरीपुढे चालला आणि ज्यूरीने कौल कंपनीच्या बाजूने दिला. आप्पांना या निकालाबद्दल एकच हळहळ. "ज्यूरीतल्या एकानेही मान आत घातली नसेल."

पोरांतला एकजण कंटाळून म्हणाला, अंकल, तुमच्या काळी मशीन नव्हतं तेच बरं होतं ना? आप्पांनी त्यावर वाशिष्ठीकाठचा दगड उभा केला. रिठ्याचं पाणी, दगडावर धोपटणं, पिळून झुडपावर पसरलेली धुणी. दगडाला घडी नाही, रबर नाही, दार नाही. बायका उठून गेल्या की त्याच्यावर ऊन पडतं आणि तो तासाभरात वाळतो. "जगातला सगळ्यात बिनवासाचा धोबी," आप्पा म्हणाले. मग पोरांच्या डोळ्यांत पुढचा प्रश्न दिसला असावा, कारण त्यांनी स्वतःच पुरवणी जोडली: "पण माझ्या आईची कंबर त्याच दगडावर गेली. तेव्हा मशीन बरंच. फक्त त्याला दगडासारखं वाळू द्या."

असं आप्पांचं चाललं होतं. आणि मग २०२४ चा उन्हाळा आला.

आदल्या वर्षीचा पाऊस हुकलेला, बोअरवेली आटलेल्या, टँकरवाल्यांचे भाव गगनाला. मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजार रुपये दंड लागू झाला. आमच्या सोसायटीत नळाला वेळ बांधली गेली. बायकोने घरात आणीबाणी पुकारली. मशीन तीन दिवसांतून एकदा, भांडी एका टबात, आणि युटिलिटीत मावशी रोज बादली ओतून फरशी खळखळून धुवायच्या ते बंद. ओल्या फडक्याने पुसायचं.

एप्रिलच्या मध्यावर मशीनला वास यायला लागला. घडी कोरडी होती, दार चार बोटं उघडं होतं, साबण दोन चमचे होता, साठ अंशांवर आठवड्यात दोनदा रिकामं फिरवलं. पाणी नसताना रिकामं फिरवलं, यावर आमचं भांडणही झालं. वास होताच. बायको शिष्या असल्याने तिने गुरूला बोलावलं. आप्पा आले, आत गेले, पूरक, कुंभक. रेचक झाला, निकाल आला नाही.

"पुन्हा घेतो," म्हणाले.

तीन वेळा घेतलं. मग पिशवी न उघडताच बसून राहिले. "जावईबापू, हा टकारान्त नाही."

त्या तीन आठवड्यांत त्यांच्या नाकी नऊ आले. रोज सकाळी यायचे. फिल्टर काढला, धुतला, बसवला. खण काढला. मशीनची मागची पाण्याची नळी भिंतीतल्या पाइपात फार आत खुपसली आहे का, ते बघितलं. रबर सायीसारखं पुसलं. नववा मजला, तिसरा मजला, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. पोरांनी सुचवलं, अंकल, नवीन मशीन. आप्पा चहाही अर्धा ठेवायला लागले. एक दिवस तर 'शास्त्र म्हणतं' एवढं बोलून थांबले. पुढे शास्त्राने काहीच म्हटलं नाही.

मग एका रविवारी पहाटे साडेपाचला बेल वाजली. आप्पा. हातात पिशवी नव्हती. म्हणाले, "दिवा लावू नका. मशीनचं दार घट्ट लावा." लावलं. अंधारात ते युटिलिटीच्या मधोमध उभे राहिले. वास होताच. मशीन बंद, दार बंद, आणि वास जसाच्या तसा. मग हा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चौपायी झाला आणि फरशी हुंगत निघाला. मशीनच्या पलीकडच्या कोपऱ्यात आमची कांद्याची टोपली असते. ती त्यांनी सरकवली. खाली एक स्टीलची जाळी होती. मशीनचं पाणी जातं ती जाळी वेगळी, अलीकडे. ही दुसरी. तिच्यात फक्त मावशींच्या बादलीचं पाणी जायचं.

"तांब्याभर पाणी आणा."

घरात तांब्या म्हणजे देवघरातलाच. तो आणला. त्यांनी पाणी बेताबेताने जाळीत सोडलं. आतून 'गुळुक' असा एक आवाज आला, कुणीतरी खोल झोपेतून गिळावं तसा. आप्पा तिथेच बसले. बाहेर उजाडेपर्यंत वास विरला.

"गटार," आप्पा म्हणाले. "मी शेवटचा ट शोधत बसलो. याचा मधे होता."

त्या जाळीखाली वाकडी खोलगट वाटी असते. तिच्यात पाणी राहतं, साधारण पन्नास मिलिमीटर. दोन इंच. चौदा मजल्यांची सगळी लाज त्या दोन इंच पाण्याने झाकलेली असते. आम्ही पाणी वाचवायला निघालो, महिनाभर तिथे थेंब ओतला नाही, उन्हाने वाटी आटली आणि अख्ख्या टॉवरची नळी आमच्या कांद्यांपाशी उघडी पडली. मशीन बिचारं शेजारी उभं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मी व्याख्यानासाठी पाट घेऊन बसलो. आप्पा काही बोलले नाहीत. पूर्ण कप चहा प्यायले आणि म्हणाले, "बत्तीस वर्षं एस्टिमेटांत लिहिलं. नहाणी ट्रॅप, इतके नग, दर अमुक. हाताने लिहायचो. आणि इथे तीन आठवडे जंतू शोधत बसलो."

जाळी सैल होती म्हणून दुपारी प्लंबर बोलावला. मुलगा ओडिशातला, केंद्रपाड्याचा. देशभर नळकाम करणारी माणसं त्या जिल्ह्यातून जातात. त्याने जाळी उचलली आणि म्हणाला, "अंकल, ये नहानी ट्रॅप है. पानी डालते रहना." आप्पांनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू वाशिष्ठीच्या पुलावर भेटला. ओडिशाचा पोरगा, कन्नड मुलूख, आणि त्याच्या तोंडी आपल्या न्हाणीतला शब्द. त्याला त्यांनी माझ्या खिशातून पन्नास रुपये जास्त दिले.

आप्पांची परात तीन आठवडे आमच्याकडेच पडून होती. पुढच्या शनिवारी ती परत द्यायला मी सहाव्या मजल्यावर गेलो. सूनबाईंनी दार उघडलं. त्या बोम्मसंद्र्याकडच्या एका औषधकंपनीत, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहेत. सकाळी सातला निघतात, म्हणून सोसायटीत त्यांना ओळखणारं कुणी नाही. परात ठेवायला मी युटिलिटीत गेलो आणि थबकलो. मशीनचं दार मोजून चार बोटं उघडं. खण ओढलेला. नळाला एक कोरडा पांढरा नॅपकिन, घडी पुसायचा. आणि मशीनवर चिकटवलेली चिठ्ठी: 'आप्पा, कृपया हात लावू नये.'

"आप्पांनी तुम्हालाही शिकवलं म्हणायचं," मी म्हणालो.

त्या हसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "आप्पा आले त्या पावसाळ्यात त्यांच्या पंच्याला वास यायचा. बेंगळुरूची हवाच कुजकी, म्हणून रोज भांडायचे. मी तीन संध्याकाळी बसून समजावलं. कागदावर चित्रं काढून. ते वहीत लिहून घ्यायचे. मग दिवसातून चारदा माझाच फिल्टर उघडायला लागले, तेव्हा ही चिठ्ठी लावली आणि ते घराबाहेर पडले."

"म्हणजे मोरॅक्सेला..."

"माझाच. ते 'शास्त्र म्हणतं' म्हणतात ना? ते मी. त्यांनी माझं नाव शास्त्र ठेवलंय."

मला हसू आवरेना. आप्पा बाहेर बाल्कनीत पेपर वाचत होते. हॉलचं दार उघडं होतं, इतकं की आमचं बोलणं ऐकू जावं, आणि ते ऐकत नसल्याचं दाखवता यावं. तेवढ्यात सूनबाईंचा फोन वाजला. प्रयोगशाळेतली कुणी मैत्रीण असावी, तिच्याही मशीनची कुरकुर. सूनबाई ऐकत ऐकत कोपऱ्याकडे गेल्या. तिथे जाळीशेजारी एक तांब्याचा गडू ठेवला होता, पाण्याने भरलेला, आणि त्याच्या बाजूला चमच्यासकट तेलाची बरणी.

"अगं, मशीन नको उघडूस आता," त्या म्हणाल्या. "आधी कोपऱ्यातल्या जाळीत तांब्याभर पाणी ओत. आठवड्यातून एकदा. आणि मेमध्ये गावाला जाणार असाल तर वर चमचाभर गोडेतेल सोडून जा, म्हणजे पाणी लवकर आटत नाही... नाही गं, हे मलाही माहीत नव्हतं. आमचे आप्पा म्हणतात."

बाल्कनीतल्या पेपरचं पान उलटायचं थांबलं. ते बराच वेळ उलटलं नाही.